कर आमच्या नावाने, पावती कुणाच्या नावाने?

(सातपूर, नाशिक येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज शनिवार. बैठकीला येताना सातपूरच्या रस्त्यांवर एरवीपेक्षा गर्दी कमी दिसली असेल. शनिवार हा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचा सुट्टीचा वार. पिंपरी-चिंचवडला हीच सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या दुनियेला रविवार आणि इथे शनिवार, असे का, हे इथल्या तरुण कामगारालाही पुष्कळदा सांगता येत नाही. कारण विजेचे आहे. राज्यात वीज पुरत नव्हती, सगळे कारखाने एकाच वेळी चालले तर भार झेपत नव्हता, म्हणून सुट्टीचे वार भागाभागांत वाटून दिले. तेव्हा कारखान्यांच्या विजेला सरकारने वेसण घालावी की नाही, हा प्रश्न नवा नाही. आपण बसलो आहोत त्या गावाच्या सुट्टीच्या वारातच तो लिहिलेला आहे.

आजच्या बैठकीपुढे एक ठराव आलेला आहे. मालेगाव, नांदगाव, येवला इकडच्या कार्यकर्त्यांनी तो आणला आहे. ठराव असा: "जे कारखाने बेसुमार वीज खातात, त्यांच्यावर सरकारने जादा कर लावावा, आणि टंचाई आली की त्यांची वीज आधी तोडावी." ठराव वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. आम्हीही टाळी वाजवणार होतो. हात वर गेला आणि तिथेच थांबला. का थांबला, तेवढेच सांगायला उभे आहोत. आमचे म्हणणे ऐकून घ्या आणि पटले नाही तर आमच्या विरोधात हात वर करा. त्यात आम्हाला कमीपणा वाटणार नाही.

राग खोटा नाही

आधी ठरावामागच्या रागाबद्दल. तो राग खरा आहे. आम्ही राहुरीला शेतीशास्त्र शिकलो. कोणत्या पिकाला कोणत्या अवस्थेत किती पाणी लागते, हे आम्हाला तोंडपाठ करायला लावले होते. मोटारीला वीज कधी येते, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते. पदवी घेऊन गावी आलो आणि २००५ नंतरचे ते भारनियमन सुरू झाले. गावात बारा-बारा तास अंधार. शेतीला वीज यायची ती रात्री, तीही मध्येच जायची. आमच्या घरातला एक माणूस रात्री दोन वाजता कपाशीला पाणी भरायला गेला आणि साप चावून वाटेतच गेला. त्या रात्री गावाला दिवसा वीज असती तर तो आज इथे बसला असता. हे आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आणि वीज बनत होती कुठे? इथून जवळ, एकलहऱ्याला. १९७० पासून तिथे औष्णिक केंद्र चालू आहे. आजही त्याची क्षमता ६३० मेगावॉटची आहे. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोदावरीचे, राख आसपासच्या शिवारावर. धूर नाशिक तालुक्याला, वीज साऱ्या राज्याला आणि नांदगावच्या शेतकऱ्याला रात्रीचा साप. त्याच काळात, २००६ साली, पुण्यात मोठ्या कारखान्यांनी आपापली जनित्रे चालवली आणि शहराचे भारनियमन टळले. ज्याच्याकडे जनित्र त्याच्याकडे उजेड. शेतकऱ्याने हे पाहिले आहे. तो चिडणार नाही तर काय करील?

पण भावांनो, राग ही बैलाची ताकद आहे. जू नीट बसवले नाही तर तोच बैल तास मोडून टाकतो.

कोण किती वीज खातो

फळ्यावर थोडा हिशेब मांडू. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला ढोबळ मानाने पावणेचार युनिट घेते. आठ तास चालली तर दिवसाचे ३० युनिट. आता जालन्याला ज्या भट्ट्या आहेत, भंगार वितळवून सळई करणाऱ्या, तशा भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे एक टन पोलाद बरोबर तुमची मोटार २० दिवस. ॲल्युमिनिअमचे तर विचारूच नका. धातू काढताना एका टनाला १४ हजार युनिटच्या आसपास वीज जाते. तुमची मोटार सव्वा वर्ष रोज चालेल एवढी ती वीज. डेटा सेंटर नावाची नवी वखार निघाली आहे. तुमच्या मोबाईलमधले व्हिडिओ, बँकेचे हिशेब, रेल्वेची तिकिटे ज्या यंत्रांत साठवतात ती यंत्रे तिथे रात्रंदिवस चालतात आणि ती तापू नयेत म्हणून गारवा करणारी यंत्रेही रात्रंदिवस चालतात. नवी मुंबईत अशा वखारी एकामागून एक उभ्या राहत आहेत.

हे आकडे ऐकले की वाटते, लावा कर. पण वीजखाऊ कारखान्यांची यादी इथे संपत नाही. ती यादी पुढे वाचत गेलो की आपल्याच दारात येते.

कपाशीचेच बघा. कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथून सूतगिरणीत. एक किलो सूत काढायला सूत किती बारीक त्याप्रमाणे ३ ते ४ युनिट वीज लागते. सूतगिरणीला कापसानंतरचा मोठा खर्च विजेचाच. आता एक क्विंटल कपाशीतून ३४ किलोच्या आसपास रुई निघते आणि त्यातली घट जाऊन २८ किलोच्या आसपास सूत. युनिटमागे १ रुपया कर लावला, तर त्या सुतावर ८५ ते ११० रुपये खर्च वाढला. सुताचा भाव काही गिरणीवाला ठरवत नाही, तो बाजार ठरवतो. मग हे पैसे तो कुणाच्या खिशातून काढील? वर जाता आले नाही की खाली काढील. खाली कोण बसले आहे? कपाशीची गाडी घेऊन रांगेत उभा असलेला तुम्ही-आम्ही. सगळाच्या सगळा बोजा आपल्यावर पडेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला भाव ठरवता येत नाही त्याच्याकडे तो सरकतो, एवढे पक्के.

ज्वारीवाल्याने हसू नये. गावात तुमची ज्वारी दळणारी पिठाची गिरणी महावितरणच्या दप्तरात लघुदाबाचा उद्योग म्हणून नोंदलेली आहे. "उद्योगाच्या विजेवर कर" असे चार शब्द कायद्यात लिहिले की त्यात जालन्याची भट्टी येते आणि शेवंताबाईच्या दळणाचा डबाही येतो. पाइप, ठिबकची नळी, कुंपणाची तार, नांगराचा फाळ, सिमेंटचे पोते, सगळे भट्टीतून आलेले. खताचे कारखाने, थळचा घ्या नाहीतर तुर्भ्याचा घ्या, तेही ऊर्जाखाऊच. युरियाची किंमत सरकारने बांधलेली आहे म्हणून तिथे बोजा सरकारी अनुदानावर जाईल. दुसऱ्या खतांच्या बाबतीत तो पोत्याच्या भावात उतरायला वेळ लागत नाही.

तोडून पाहिले त्यांचे काय झाले

ठरावाचा दुसरा भाग आहे वीज तोडण्याचा. हे करून पाहिलेले एक मोठे राष्ट्र आहे. चीनने २००४ साली ॲल्युमिनिअम, फेरोअलॉय, सिमेंट, पोलाद अशा सहा वीजखाऊ उद्योगांना वेगळा दर लावला. त्यात शहाणपणाची एक गोष्ट होती. सरसकट सगळ्यांना दर वाढवला नाही. जुनाट, जास्त वीज जाळणाऱ्या भट्टीला जास्त दर आणि सुधारलेल्या भट्टीला साधा दर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण २०१० साली पाच वर्षांच्या योजनेचे लक्ष्य गाठायचे म्हणून तिथल्या प्रांतांनी वर्षाच्या अखेरीला कारखान्यांची वीज सरळ तोडायला सुरुवात केली. कारखानदारांनी काय केले? डिझेलची जनित्रे लावली. धूर कमी व्हायचा तो वाढला आणि देशात डिझेलची टंचाई झाली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. युन्नान नावाच्या प्रांताने पिवळ्या फॉस्फरसच्या कारखान्यांना सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत उत्पादन एक दशांशावर आणायला सांगितले. हा फॉस्फरस ग्लायफोसेट तणनाशकाचा कच्चा माल. त्याच वर्षी तणनाशकाचे भाव कसे भडकले, हे ज्यांनी डबे विकत घेतले त्यांना सांगायला नको. त्याच हंगामात चीनने खतांची निर्यातही आवळली आणि आपल्याकडे रब्बीला डीएपीसाठी रांगा लागल्या. भाव वाढायला इतरही कारणे होती, ते आम्ही नाकारत नाही. पण युन्नानमध्ये एक कळ दाबली आणि नांदगावच्या दुकानात डबा महाग झाला, हे खरे आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते असे.

मोठा सुटतो, लहान सापडतो

इथल्या सातपूरकडे पाहा. या जमिनी कधीकाळी शेतकऱ्यांच्याच होत्या. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले आणि मग नाशिकमध्ये हीच वसाहत आधी उभी राहिली. आज इथे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग करून देणारी शेकडो लहान वर्कशॉप आहेत. त्या वर्कशॉपमध्ये कोण आहे? येवल्याचा, नांदगावचा, सिन्नरच्या पूर्वेचा, कोरडवाहूवाल्याचा मुलगा आहे. दोन भावांतला एक रानात राहिला आणि एक इथे लेथवर उभा राहिला. त्याच्या पगारावर रानातल्याची पेरणी होते, हे आपल्यातले किती जण नाकारतील?

विजेवर कर वाढला की मोठा कारखानदार काय करतो? स्वतःची वीज बनवतो. २००३ च्या वीज कायद्याने त्याला तशी मोकळीक आहे. स्वतःसाठी बनवलेल्या विजेवर त्याला क्रॉस सबसिडीचा अधिभारही द्यावा लागत नाही. नाहीतर तो शेजारच्या राज्यात जातो. लहान वर्कशॉपवाल्याला दोन्ही जमत नाही. तो इथेच राहतो, बिल भरतो आणि एक दिवस कामगार कमी करतो. कर लावायचा हत्तीला आणि सापडायचे शेळीला, असा हा प्रकार आहे.

आमचे नाव कोण वापरतो?

आता खरे दुखणे. आजवर कारखान्यांच्या विजेवर जो बोजा टाकला गेला, तो कुणाच्या नावाने? शेतकऱ्याच्या नावाने. कारखानदाराला सांगायचे, तुझी वीज महाग आहे कारण शेतकऱ्याला स्वस्त द्यावी लागते. शेतकऱ्याला सांगायचे, तुझ्यासाठी आम्ही कारखानदाराकडून घेतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार. दोघांना एकमेकांचे वैरी करून मधला मोकळा.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या वीज विक्री करात युनिटमागे सुमारे १० पैसे वाढ ठरवली. कशासाठी? शेतकऱ्यांच्या सौर पंपांसाठी. हेतू वाईट नाही. पण मगाचा सुताचा हिशेब त्या १० पैशांना लावा. क्विंटलमागे १० रुपये होतात. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला पंप मिळेल. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याने काय करायचे? दहा रुपये सोसायचे?

इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त हात आहेत. महाराष्ट्राची पाचातली चार भाग शेती पावसाच्या भरवशावर आहे. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४ हजार ७६० कोटी रुपये, असा सरकारचाच आकडा. भागाकार केला तर पंपामागे वर्षाला सरासरी साडेतेहतीस हजार रुपये. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला साडेतेहतीस हजार आणि ज्याच्याकडे आभाळ आहे त्याला शून्य. पंपवाल्यांनो, रागावू नका. तुमचे काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. "शेतकऱ्याच्या नावाने" म्हणतात तेव्हा तो शेतकरी कोण, एवढेच विचारतो आहोत. आणि फुकटाचा भरवसा किती धरावा? २००४ च्या निवडणुकीआधी मोफत वीज आली होती आणि २००५ मध्ये गेली होती. ती आठवण फार जुनी नाही.

दुसरे, शेतीच्या नावावर खपवलेली वीज खरोखर शेतीने वापरली का? लाखो पंपांना मीटर नाही. अश्वशक्तीवर अंदाज बांधायचा आणि जी वीज गळाली, चोरीला गेली, तीही त्या अंदाजात बसवायची, हे वर्षानुवर्षे चालले. वीज ग्राहकांच्या चळवळीतले प्रताप होगाडे हे सतत सांगत आले. २०२० च्या दरनिश्चितीत राज्याच्या वीज नियामक आयोगानेही शेतीच्या नावे दाखवलेला वापर कमी करून धरला, आणि तो कमी धरताच गळतीचा आकडा वर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. आणि संन्याशाच्या फाशीचा दोर विकत घ्यायला कारखानदाराकडून कर घ्यायचा!

आधी खिरापत थांबवा

"मग तुम्ही कारखानदाराची वकिली करायला आलात का?" असे कुणाच्या मनात आले असेल. नाही. कर लावा म्हणण्याआधी एक सोपे काम आहे ते करा, एवढेच म्हणतो. खिरापत थांबवा.

घरी गेल्यावर विजेचे बिल उलटून पाहा. त्यावर वीज शुल्क नावाचा आकार असतो. घरगुती बिलावर तो १६ टक्के आहे. दुकानाच्या बिलावर २१ टक्के. आणि कारखान्याच्या बिलावर? आधी ९.३ टक्के होता, २०२० च्या अर्थसंकल्पात तो ७.५ वर आणला. म्हणजे तुमच्या म्हातारीच्या खोलीतल्या दिव्यावर भट्टीच्या दुप्पट शुल्क. २०१९ च्या प्रोत्साहन योजनेत मागास भागातल्या नव्या कारखान्यांना हे शुल्कही माफ. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना वीज शुल्क माफ. या माफीत गेलेला पैसा कुठून तरी भरून काढावा लागतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला सरकारला काय जाते?

२०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र या भागांतल्या उद्योगांना विजेच्या दरात सवलत सुरू झाली. मागास भागात कारखाने यावेत हा हेतू. पण सवलत युनिटवर दिली की काय होते? जो जास्त वीज जाळतो त्याला जास्त सवलत. तीस माणसांना काम देणाऱ्या लहान कारखान्याला मूठभर आणि चार माणसांवर चालणाऱ्या मोठ्या भट्टीला पोतेभर. त्याविरुद्ध ओरड झाली ती लहान उद्योजकांचीच. एका हाताने वीज जाळायला बक्षीस द्यायचे आणि दुसऱ्या हाताने वीज जाळली म्हणून कर लावायचा, याला कारभार म्हणत नाहीत.

कर लावलाच तर तो जातो कुठे?

"पण धुराचे काय? राखेचे काय?" हा प्रश्न बरोबर आहे. जो नुकसान करतो त्याने भरून द्यावे, याला आमचा विरोध नाही. पाऊस लांबतो, सप्टेंबरमध्ये बोंडे फुटायच्या वेळी ढगफुटी होते, त्याची किंमत सर्वांत आधी कोरडवाहूवालाच देतो. पण अशा कराचा अनुभव आपल्या देशाला आलेला आहे, तो ऐका.

२०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. नाव दिले स्वच्छ ऊर्जेचे. २०१४ ला तो १०० झाला, २०१५ ला २००, २०१६ ला ४००. एक युनिट वीज करायला पाऊण किलोच्या जवळपास कोळसा लागतो. म्हणजे युनिटमागे २५ ते ३० पैसे तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच भरले. पैसा गेला कुठे? २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांची महसूल भरपाई करायच्या पेटीत वळवला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने गोळा केलेले पैसे करवसुलीची तूट भरायला! २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो उपकर काढला आणि त्याच वेळी कोळशावरचा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. सरकारच्या पेटीत पडलेल्या पैशाला नाव नसते, गाव नसते. म्हणून कर मागताना पावती कुणाच्या नावाने फाटणार आणि पैसा कुठे खर्ची पडणार, हे आधी लिहून घ्यावे लागते.

ठराव असा करावा

आता दुरुस्ती मांडतो. कार्यकर्त्यांनी मेहनतीने ठराव आणला, तो मोडायचा नाही. त्यातला राग ठेवायचा आणि जू नीट बसवायचे.

पहिली गोष्ट. नवा कर मागू नये. वीजखाऊ कारखान्यांना दिलेली वीज शुल्काची माफी आणि युनिटवरची सवलत बंद करा, असे मागावे. सरकारला एखादा उद्योग मागास भागात आणायचाच असेल, तर त्याने किती माणसांना काम दिले यावर मदत द्यावी आणि कुणाला किती दिली ते दरवर्षी नावानिशी जाहीर करावे.

दुसरी गोष्ट. टंचाई आली तर वीज आधी कुणाची तोडायची हे मंत्र्याच्या मर्जीवर नको. तासाप्रमाणे दर असावा. ज्या तासाला वीज अपुरी त्या तासाला ती महाग, ज्या तासाला मुबलक त्या तासाला स्वस्त. मोठ्या कारखान्यांना तसे मीटर केव्हाच बसले आहेत. भट्टीवाला मग आपणहून भट्टीची वेळ बदलील. सुट्टीचा शनिवार सरकारी हुकमाने आला होता, यापुढे तो हिशेबाने येऊ द्या. आणि आता सूर्याची वीज दिवसा मुबलक आहे. २०१७ साली राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून सौर कृषी वाहिनीची सुरुवात झाली. ती प्रत्येक वाहिनीवर आली पाहिजे. शेतीला रात्रीची वीज ही शिक्षा होती. तिची गरज संपलेली आहे, तर ती शिक्षाही संपली पाहिजे.

तिसरी गोष्ट. धूर आणि उधळपट्टी यांवर आकार लावायचा तर तो धंद्यावर नको, वाईट कारभारावर हवा. एकाच धंद्यातली चांगली भट्टी टनाला किती वीज घेते ते बघा, त्याहून जास्त जाळणाऱ्याने दंड भरावा. चीनच्या २००४ च्या दरात चांगले होते ते एवढेच. आपल्या केंद्र सरकारनेही २०१२ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनिअम, खत, कापड अशा मोठ्या कारखान्यांना वीज-इंधन बचतीची लक्ष्ये दिली आहेत. म्हणजे मोजमाप करता येते. असा जो दंड येईल तो मुंबई-दिल्लीच्या पेटीत जाऊ नये. ज्या तालुक्यात राख पडते आणि ज्या तालुक्यात पाऊस बिघडतो, तिथे तो खर्ची पडावा.

चौथी गोष्ट. ही पंपवाल्यांना कडू लागेल. प्रत्येक वाहिनीला आणि प्रत्येक रोहित्राला मीटर बसवून शेतीची वीज मोजली जावी आणि तिचा हिशेब गावात लावला जावा. मोजली तर आपले नाव निघेल, असे काही जणांना वाटते. आम्हाला वाटते, मोजली तर आपल्या नावावरचे दुसऱ्याचे पाप निघेल. त्यानंतर सरकारला शेतकऱ्याला जे द्यायचे ते कारखानदाराच्या बिलात लपवून देऊ नये. २००३ च्या कायद्याचे ६५ वे कलम सांगते की सवलत जाहीर करणाऱ्या राज्य सरकारने तिची रक्कम वीज कंपनीला आगाऊ भरावी. ती सरकारने आपल्या तिजोरीतून, उघड द्यावी. आणि उघड द्यायचीच तर एकरावर द्यावी. मग ज्याच्याकडे विहीर आहे त्याने तिचे विजेचे बिल भरावे आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्याने बांधबंदिस्ती करावी, शेततळे काढावे, नाहीतर पोरीची फी भरावी. त्याचे पैसे, तो ठरवील.

यातला कच्चा दुवा आम्हीच सांगतो, म्हणजे विरोधकाला शोधायचे कष्ट नकोत. कारखान्याकडून जादा घेणे कमी झाले की पंपाच्या विजेचा खरा दर वर जाईल. सरकारने एकरावरची मदत वेळेवर दिली नाही तर पंपवाला अडचणीत येईल. ही भीती खरी आहे. म्हणून चौथ्या कलमात असे लिहावे की मदत आधी, दर नंतर. पण या भीतीपोटी आपण दुसऱ्याच्या खिशावर जगत राहिलो, तर कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसताना आपल्या शब्दाला वजन राहणार नाही. आपल्या मालावर निर्यातबंदी नको, आयातीचा मारा नको, भाव पाडू नका, असे आपण सरकारला सांगतो. सरकारचा हात आपल्या गळ्यावर नको म्हणायचे आणि दुसऱ्याच्या गळ्यावर मात्र घाला म्हणायचे, हे शेतकऱ्याला शोभत नाही. आज भट्टीवर उठलेला हात उद्या जिनिंगवर येतो आणि परवा कपाशीवर.

जेवणानंतर ठराव मताला टाकायचा आहे. मूळ ठराव आणि ही दुरुस्ती, दोन्ही फळ्यावर लिहिलेले आहेत. तोवर मोटारवाल्याने बिनमोटारवाल्याच्या पंगतीला बसावे आणि सातपूरला कामाला असलेली आपली जी मुले आज सुट्टी म्हणून इथे आली आहेत, त्यांनाही विचारावे. त्यांच्या वर्कशॉपचे बिल किती येते, ते त्यांना ठाऊक आहे. मग हात वर करा.